हमीची किंमत कोणी मोजावयाची?

दिवाळीच्या तोंडावर बारामतीत भिगवण रस्त्यावरील एखाद्या विद्युत उपकरणांच्या दुकानात तासभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. भवानीनगर, लासुर्णे किंवा निमगाव केतकीकडून, म्हणजे इंदापूर तालुक्यातून, आलेले एखादे जोडपे ओव्हन पसंत करते. घासाघीस होते, भाव ठरतो, पैसे मोजावयाचे तेवढे उरतात. नेमक्या याच वेळी विक्रेता दुसरा एक कागद पुढे सरकवतो. "काका, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. अजून दोन वर्षांची वाढवून घ्या. उद्या बिघडला तर नुसतं बोर्ड बदलायलाच तीन-चार हजार जातील." पाच मिनिटांपूर्वी हाच मनुष्य त्याच ओव्हनच्या टिकाऊपणाची ग्वाही देत होता. काका काकूंकडे पाहतात, काकू ओव्हनकडे पाहतात, आणि बहुधा कागदावर सही होते.

प्रश्न हजार-दोन हजारांचा आहे. त्यासाठी एवढी शाई कशाला खर्चावयाची, असे एखाद्या गंभीर प्रकृतीच्या वाचकास वाटेल. परंतु महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ स्वयंपाकघरातूनच रस्त्यावर आली, याचा विसर पडता कामा नये. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध हाती लाटणी घेऊन मुंबईत मोर्चे काढले, तेव्हा तेल, साखर, रॉकेल हे विषय राजकारणाच्या ऐरणीवर आले. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्या काळी भेसळ, साठेबाजी आणि खोटे माप हे मुख्य शत्रू होते. आज वस्तू बहुधा मापात असते, तिच्यावर किंमतही छापलेली असते. गिऱ्हाइकाची फसगत आता वस्तूत कमी आणि वस्तूच्या मागोमाग विकल्या जाणाऱ्या कागदात अधिक होते.

आधी हिशेब. ओव्हनची किंमत १२,००० रुपये आणि दोन वर्षांच्या वाढीव हमीचे १,८०० रुपये, असे उदाहरणादाखल धरावे. या १,८०० रुपयांतील सुमारे २७५ रुपये १८ टक्के दराने वस्तू व सेवा कराचे. उरलेल्या १,५२५ रुपयांत विक्रेत्याचे कमिशन, हमी देणाऱ्या कंपनीचा कार्यालयीन खर्च आणि तिचा नफा. यांतून जे शिल्लक राहील ते दुरुस्तीसाठी. एका दुरुस्तीचा सरासरी खर्च २,५०० रुपये धरला, तर हा सौदा गिऱ्हाइकाच्या दृष्टीने निदान बरोबरीत सुटावयास त्या दोन वर्षांत दर १०० ओव्हनपैकी ७२ बिघडावे लागतील. आता १०० पैकी ७२ नग तिसरे वर्ष संपण्याच्या आत बिघडत असतील, तर वाढीव हमी घ्यावी की नाही हा प्रश्नच उरत नाही; असला ओव्हन घ्यावाच कशाला, हा खरा प्रश्न होतो. उलट १०० पैकी १५ बिघडत असतील, तर गिऱ्हाइकाने १,८०० रुपये मोजून ३७५ रुपयांचे संरक्षण विकत घेतले. शिवाय पैसे आज द्यावयाचे आणि संरक्षण सुरू होणार वर्षभराने. छत्री पुढल्या पावसाळ्यासाठी आणि तिचे भाडे मात्र यंदाच, अशातला हा प्रकार.

दुसरी एक तुलना इंदापूरच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. पंतप्रधान पीकविमा योजनेत खरिपाच्या पिकासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के एवढ्या मर्यादेत ठेवलेला आहे. बाकीचा हप्ता सरकार भरते, हे खरे. त्यामुळे तुलना अगदी तंतोतंत नाही. परंतु अवर्षण, गारपीट, कीड यांच्या तोंडाशी असलेल्या पिकाचा हप्ता भरताना जो शेतकरी दहादा विचार करतो, तोच चार भिंतींच्या आत, छपराखाली, कोरड्या ओट्यावर ठेवलेल्या यंत्रासाठी किमतीच्या १५ टक्के रक्कम उभ्या उभ्या देऊन मोकळा होतो. विम्याचे मूळ तत्त्व असे की जे नुकसान कुटुंबाला सोसणारच नाही, त्याच्यासाठी हप्ता भरावा. घर जळणे, कर्ता माणूस जाणे, उभे पीक आडवे होणे ही तशी नुकसाने आहेत. ओव्हनचा थर्मोस्टॅट जाणे हे तसे नुकसान नव्हे.

शिवाय बिघाडालाही वय असते. यंत्रांच्या बिघाडांचा आलेख न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो, असे अभियंते सांगतात. सुरुवातीस उंच, मधे दीर्घकाळ सखल, अखेरीस पुन्हा उंच. जोडणीतील दोष, कच्चा सांधा, खराब सुटा भाग हे पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतात. ते मूळ हमीत भरून निघतात. झिजेचे बिघाड कित्येक वर्षांनी येतात. तोवर वाढीव हमी संपलेली असते. वाढीव हमीचा काळ नेमका मधल्या सखल भागावर येऊन पडतो. मायक्रोवेव्हचा प्राण म्हणजे मॅग्नेट्रॉन. त्यावर तर कित्येक कंपन्या मुळातच अधिक वर्षांची हमी देतात. म्हणजे काही गिऱ्हाइके एकाच भागाच्या हमीचे पैसे दोनदा भरत असतात.

हमी या शब्दाचाच अर्थ या व्यवहारात कसा उलटा झाला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी गोष्ट दाखवून दिली. विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि या अज्ञानामुळे चांगला मालही बाजारातून हुसकला जातो. या विचाराबद्दल २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्याच निबंधात त्यांनी हमीचे काम सांगितले आहे. ज्याला माल ठाऊक आहे त्याने जोखीम आपल्या अंगावर घ्यावी, म्हणजे ज्याला ठाऊक नाही त्याला विश्वासाने खरेदी करता येते. निर्मात्याने दिलेली हमी म्हणजे स्वतःच्या मालाविषयी त्याने खर्ची घातलेला शब्द. हीच हमी वेगळी काढून, वेगळ्या किमतीस विकली, की जोखीम जिथून निघाली तिथेच, म्हणजे अजाण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, परत येते. शिवाय ओव्हन जितका बेभरवशाचा वाटेल तितकी हमी अधिक खपते. अशा स्थितीत मजबूत माल बनविण्याची घाई कोणाला असणार?

आता त्या कागदातील बारीक अक्षरांकडे वळावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या अटी निरनिराळ्या असतात. तरी सर्वसाधारणपणे काचेची थाळी, दिवा, प्लॅस्टिकचे भाग, विजेच्या दाबातील चढउतारामुळे झालेले नुकसान, उंदीर-किड्यांनी केलेले नुकसान आणि बाहेरच्या कारागिराने उघडलेले यंत्र ही प्रकरणे हमीतून वगळलेली आढळतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर राहणाऱ्या कुटुंबाला या अटी फारशा जाचणार नाहीत. निरा डाव्या कालव्याकाठच्या उसाच्या पट्ट्यात मात्र उंदीर हा घरचाच सभासद असतो. वाड्यावस्त्यांवर विजेचा दाब संध्याकाळी एक, मध्यरात्री भलताच. दीड-दोन हजार वॅट ओढणाऱ्या यंत्राला तो सोसत नाही, आणि घराचे अर्थिंग कित्येक ठिकाणी नावापुरतेच असते. म्हणजे ग्रामीण भागात ओव्हन ज्या कारणांनी बिघडण्याचा संभव अधिक, तीच कारणे कागदावर वर्ज्य. त्यातून इंदापूर गाव बारामतीपासून सुमारे ५० किलोमीटर. अधिकृत तंत्रज्ञ त्या बाजूची तीन-चार गाऱ्हाणी साठली की निघतो. कागदात 'मोफत दुरुस्ती' असते. ती किती दिवसांत, याविषयी कागद बहुधा मौन पाळतो. त्या १,८०० रुपयांतून चांगल्या प्रतीचा सुरक्षा प्लग आणि वायरमनकडून नीट केलेले अर्थिंग झाले, तर हमीने भरून न मिळणारे नुकसान टळते. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

भाकरी तव्यावर होते आणि तव्याला हमी लागत नाही, तेव्हा ओव्हन ही चैनच; असे म्हणून हा विषय निकालात काढणारेही आहेत. ते आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. गेल्या काही वर्षांत लहान शहरांत आणि मोठ्या गावांत केक, नानकटाई, बिस्किटे घरी करून विकणाऱ्या स्त्रियांचा एक वर्ग उभा राहिला आहे. वाढदिवसाला केक कापण्याची पद्धत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली, आणि तिच्या पाठोपाठ हा घरगुती धंदा आला. अशा घरी ओव्हन हे चैनीचे साधन नसून उत्पादनाचे साधन आहे. तो आठवडाभर बंद राहिला तर दुरुस्तीचे २,५०० रुपये हा तोट्याचा लहान भाग; परत गेलेल्या ऑर्डरी आणि दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक हा मोठा भाग. हमीचा खरा उपयोग जर कोणाला व्हावयाचा, तर तो हिला. परंतु बहुतेक हमीपत्रांत एक ओळ असते की यंत्राचा वापर केवळ घरगुती असावा. व्यावसायिक वापर आढळल्यास हमी रद्द. विकताना ही ओळ कोणी वाचून दाखवीत नाही. पैसे घेताना ती घरची गृहिणी असते. ओव्हन बिघडल्यावर तंत्रज्ञाला ओट्यावर केकची खोकी दिसली की ती व्यावसायिक ठरते. जिला संरक्षणाची फारशी गरज नाही तिला ते आग्रहाने विकावयाचे, आणि जिला गरज आहे तिला नाकारावयाचे, अशी या धंद्याची रचना आहे.

कायदा मात्र याहून शहाणा आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू या अपवादातून १९९३ पासून वगळलेली आहे, आणि २०१९ च्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टंकलेखन यंत्राचे उदाहरण दिले होते. दुसऱ्यांची कामे स्वतः टंकून चरितार्थ चालविणाऱ्याने घेतलेले यंत्र व्यापारी हेतूचे नव्हे. टंकलेखन यंत्राच्या जागी ओव्हन ठेवला, की बारामतीच्या केक करणाऱ्या स्त्रीचा हक्क सिद्ध होतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि तक्रार घरबसल्या दाखल करता येते. येथवर ठीक. पण मूळ हमीपत्रातील अटच अन्यायकारक आहे, असे म्हणावयाचे असेल, तर २०१९ च्या कायद्याने तो अधिकार जिल्हा आयोगाला न देता राज्य आयोगाला दिला आहे. १,८०० रुपयांच्या कागदासाठी इतक्या वर कोण जाणार? आणि मूळ हमी किमान किती काळाची असावी, याबद्दल तर आपल्या कायद्यात काहीच ठरलेले नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात, ज्या कामासाठी माल घेतला त्या कामास तो योग्य असला पाहिजे, एवढे गर्भित वचन आहे. किती वर्षे योग्य असला पाहिजे, ते विक्रेत्याच्या मर्जीवर.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, घराघरांत सापडतो. ज्या घरी पैसा पुरुषाच्या हाती आणि स्वयंपाकघर स्त्रीच्या हाती, तेथे खरेदीच्या दिवशी पाकीट उघडलेले असते. त्या दिवशी आणखी १,८०० रुपये सुटणे सोपे. दोन वर्षांनी दुरुस्तीसाठी २,५०० रुपये मागणे अवघड. "कशाला हवा होता ओव्हन? आईनं कुठं वापरला?" हे ऐकून घेण्यापेक्षा आज सही केलेली बरी, असा हिशेब काकू मनातल्या मनात करतात. त्या हिशेबाला मूर्खपणा म्हणता येणार नाही. त्यांच्या दृष्टीने ती रक्कम यंत्राच्या बिघाडाचा विमा नसून उद्याच्या नकाराचा विमा आहे. ऊस गेल्यावर एकदम हाती येणारा आणि एरवी न दिसणारा पैसा हेही या हिशेबामागचे एक कारण. दुकानदाराला हे शास्त्र न शिकता कळते; म्हणून तो कागद पैसे मोजताना काढतो, आधी काढीत नाही. हप्त्यांवर खरेदी असेल तर ही रक्कम मासिक हप्त्यात अशी विरघळते की ती दिसतही नाही.

या अडचणीवर तोडगा आहे, आणि तो दुकानात नाही. बारामती-इंदापूरच्या गावोगावी महिला बचत गट आहेत. एखाद्या गटातील २० स्त्रियांनी वर्षाला प्रत्येकी ६०० रुपये वेगळे ठेवले, तर १२,००० रुपयांचा दुरुस्ती निधी होतो. वर्षात चार जणींची यंत्रे बिघडली आणि प्रत्येकी २,५०० लागले, तरी २,००० उरतात. ते गटाचेच राहतात. ओव्हनच काय, मिक्सर, गिरणी, शिलाई यंत्र हेही त्यात बसते. उंदीर आणि विजेचा दाब वर्ज्य नाही, केकची खोकी दिसली म्हणून कोणी दार लावून घेत नाही, आणि पैसे स्त्रीच्याच हाती राहतात. अर्थात निधीला शिस्त लागते. हिशेब चोख नसला तर हाही प्रयोग बुडेल. पण जोखीम वाटून घेणे ही कल्पना या भागाला नवी नाही. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती यांसारखे सहकारी साखर कारखाने ज्या भागात उभे राहिले, तेथील सभासदाला ती निराळी समजावून सांगावी लागू नये. गाळप संपले की साखर कारखान्याची यंत्रे उघडून, तपासून, घासूनपुसून पुढील हंगामासाठी सज्ज केली जातात. त्यासाठी फिटर, वेल्डर, कारखान्यातली कार्यशाळा असते. देखभालीवर चालणाऱ्या कारखान्याचा सभासद घरच्या यंत्राबाबत मात्र केवळ कागदावर भिस्त ठेवतो.

दुरुस्ती करणारे हात या भागात नाहीत असे नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री आणि तारतंत्री दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना सुटे भाग मिळत नाहीत, यंत्राचे आराखडे मिळत नाहीत, आणि त्यांनी झाकण उघडले की हमी बाद होते. मायक्रोवेव्हच्या पोटातील कपॅसिटर यंत्र बंद केल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो, हे खरे. म्हणून हे काम कोणाही हौशी माणसाचे नव्हे. परंतु त्याचे उत्तर प्रशिक्षण हे आहे, मक्तेदारी हे नव्हे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. उत्पादकांनी माहिती द्यावी असे त्यात अभिप्रेत आहे. न दिली तर काय, याचा कायदा नाही.

त्याच ओट्यावर ओव्हनशेजारी गॅसची शेगडी असते. तिच्यामागच्या सिलिंडरला एक संरक्षण आहे, ते कोणी कधी दुकानात विकलेले नाही. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी गॅसमुळे अपघात झाला, तर तेल कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने घेतलेल्या सार्वजनिक दायित्व विम्यातून भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास ती प्रतिव्यक्ती ६ लाख रुपयांपर्यंत आहे. त्यासाठी ग्राहकाकडून वेगळा हप्ता घेतला जात नाही. कित्येक घरांना हे ठाऊकही नसते, कारण ज्या संरक्षणावर कमिशन नाही त्याची माहिती सांगावयास कोणी पुढे येत नाही. जोखीम कोणी उचलावी, हे बाजारावर न सोडता धोरणाने ठरविता येते, याचे हे उदाहरण प्रत्येक स्वयंपाकघरात उभे आहे.

युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने ग्राहकोपयोगी वस्तूंवर विक्रेत्याची किमान दोन वर्षांची जबाबदारी कायद्याने ठरविली. घरगुती विद्युत उपकरणांवर निदान तेवढी जबाबदारी येथेही बसविणे अशक्य नाही. माल थोडा महागेल, असे कारखानदार म्हणतील, म्हणू द्यावे. सर्वांवर मिळून वाटलेली ती वाढ १५ टक्क्यांच्या जवळपासही जाणार नाही, कारण तिच्यात काउंटरवरचे कमिशन नाही. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत विमा वा अन्य सेवा टाकणे आणि नकार देणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असल्या शब्दांनी ओशाळे करणे, यांना पडद्यावरील व्यवहारांत मनाई केली आहे. काउंटरवर हेच तोंडी चालते.

ब्रिटनमध्ये स्पर्धा आयोगाच्या चौकशीनंतर २००५ साली खास या वाढीव हमीसाठी आदेश निघाला. हमीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारीच लावावयाची, लेखी भाव ३० दिवस कायम ठेवावयाचा, आणि घेतलेली हमी ४५ दिवसांच्या आत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. बारामतीत काकूंनी तो कागद घरी नेऊन वाचावयास मागितला, तर ऑफर आजच्यापुरतीच आहे, असे उत्तर मिळते.